रोज एक तोळा

गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे, आणि या अठरा वर्षांत 'मर्कटन्याय' आणि 'मार्जारन्याय' हे दोन शब्द मी फळ्यावर निदान अठरा वेळा तरी लिहिले असतील. भक्तिमार्गाची चर्चा निघाली की ते येतातच. माकडीचे पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून राहते. आईने कितीही उड्या मारल्या तरी धरून ठेवण्याचे काम त्याचे. मांजरीचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही. आईने मानगुटीला धरून उचलावे आणि न्यावे तिकडे न्यावे. देव भक्ताला तारतो तो पहिल्या रीतीने की दुसऱ्या, या वादात दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेंकलै असे दोन पक्ष पडले, एवढे सांगून झाले की मुले ते वहीत उतरवून घेतात आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळते. मांजरीचे तीन दिवसांचे पिल्लू मी जन्मात कधी हातात घेतले नव्हते. घेतले असते, तर 'काहीच करीत नाही' हे शब्द इतक्या बेफिकिरीने उच्चारले नसते.

ती वेळ आली २०२४ च्या जून महिन्यात.

आम्ही पुण्याला कोथरूडमध्ये एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात हे, मी, सासूबाई आणि दहा वर्षांची कन्या. मांजर पाळायचे नाही हा सासूबाईंचा कायदा. "कुत्रं दारात राहतं, मांजर चुलीपाशी येऊन बसतं," हे त्यांचे म्हणणे, आणि चुलीपाशी दुसरे कोणी बसलेले त्यांना अजूनही खपत नाही. इमारतीच्या आवारात एका कानाचा तुकडा उडालेली एक भाटी असे. ती कुणाचीच नव्हती. एका शनिवारी सकाळी ती फाटकाबाहेर रस्त्यावर मरून पडलेली आढळली. रखवालदाराने तिला उचलून नेले. इमारतीतल्या चारदोघांनी हळहळ व्यक्त केली आणि सारे आपापल्या कामाला लागले.

दुपारी कन्या धावत वर आली. "आई, मीटरच्या खोलीत उंदीर रडतोय!"

तो उंदीर नव्हता. रद्दीच्या गठ्ठ्यामागे, एका फाटक्या गोणपाटावर दोन पिल्ले होती. एक पिवळे, दुसरे पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला वाळलेल्या नाळेचा दोरा लोंबत असलेला. पिवळे ओरडत होते. ठिपक्यांचे ओरडतही नव्हते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मला नंतर कळली आणि तुम्हाला आधी कळलेली बरी. डोळे न उघडलेली पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती पोरकीच असतात असे नाही. भाटी पोटासाठी तासन् तास बाहेर जाते. कधी जागा बदलताना एकेक पिल्लू तोंडात धरून नेत असते आणि आपण नेमके मधल्या वेळी तिथे पोचतो. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपण म्हणतोच. तेव्हा पिल्ले कोरडी, गुबगुबीत आणि शांत असली तर दुरून लक्ष ठेवावे, आई येते. तिला न विचारता पिल्ले घरी आणणे म्हणजे चांगल्या मनाने केलेली चोरीच. आमच्या बाबतीत तो प्रश्न उरला नव्हता. आईला सकाळीच आम्ही सगळ्यांनी पाहिले होते.

मी पिल्ले पदरात घालून वर आणली. ती हाताला गार लागली. पावसाळी हवा आहे, लागणारच, असे मला वाटले. आणि मग कोणत्याही मराठी माणसाने केले असते तेच मी केले. दूध आणले.

मांजर आणि दूध यांची गाठ आपल्या भाषेनेच इतकी पक्की बांधून ठेवली आहे की ती सोडवावी असे कुणाच्या मनातही येत नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते. शिंक्याचे तुटते आणि बोक्याचे पटते. दुधाच्या राखणीला मांजर ठेवू नये. मीही फ्रीजमधले गाईचे दूध काढले, तान्ह्या मुलाला देतात तसे पाणी घालून पातळ केले, घाईत जेमतेम कोमट केले, आणि औषधाच्या बाटलीतला थेंबनळा धुऊन घेतला. पिवळे पिल्लू अधिक ओरडत होते म्हणून आधी ते मांडीवर घेतले, आणि आपल्या मुलीला जसे घेत असे तसेच, उताणे. दोनतीन थेंब आत गेले. मग ते शिंकले आणि नाकातून दूध आले. मी पुसले आणि पुन्हा पाजले. "पितंय गं!" कन्या टाळ्या पिटत म्हणाली. ठिपक्यांच्या पिल्लाने तोंडच उघडले नाही, म्हणून ते उपाशीच राहिले.

रात्री अकराच्या सुमारास पिवळ्या पिल्लाचा श्वास घरघरू लागला. साडेबाराला तो थांबला. कन्या झोपली होती. सकाळी तिने विचारले तेव्हा मी म्हणाले, "ते मुळातच अशक्त होतं, राणी."

रविवारी सकाळी दुसरे पिल्लू खोक्यात घालून मी पशुवैद्य डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी पिल्लाच्या तोंडात बोटाचे टोक घालून पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा नव्हता. "रात्री ऊब कशाची दिली होती?" मी म्हणाले, टॉवेल घातला होता. "टॉवेल गरम नसतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, काय पाजले, किती, आणि कसे धरून. मी एकेक उत्तर देत गेले. त्यांनी मला दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही. पण वर्गात एखाद्या मुलाला प्रश्न विचारता विचारताच त्याची चूक त्याला उमगते, तसे माझे झाले. तिसऱ्या उत्तरापर्यंत मला सारे कळले होते.

त्यांनी जे समजावले ते असे. आठवड्याच्या आतल्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. थंडीने कुडकुडण्याचीही शक्ती त्याला अजून आलेली नसते. ऊब सगळी आईची आणि भावंडांची. अंग गार पडले की आतडी काम करीनाशी होतात, आणि मग पाजलेले दूध पचत नाही, पोटात तसेच पडून राहते. म्हणून गार पिल्लाला आधी हळूहळू, तासा-दोन तासांत, गरम करायचे आणि मगच पाजायचे. ते भुकेने ओरडत असले तरीसुद्धा. दुसरी गोष्ट, दूध गाईचे नको. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. गाईच्या दुधावर पिल्लू उपाशी राहते आणि त्यातल्या साखरेने त्याला हगवण लागते. त्यात पाणी घातले म्हणजे तर विचारूच नका. आणि तिसरी गोष्ट, मांजरीचे पिल्लू पालथे पडून पिते. त्याला उताणे धरून दूध घातले तर ते पोटाऐवजी फुप्फुसात उतरते.

नाकातून आलेले दूध मी पदराने पुसले होते, ते आठवले.

"हिचं काय?" मी विचारले. डॉक्टरीणबाईंनी 'हिचं' हा शब्द उचलला. "ही मादीच. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते." पिवळ्या रंगाचे बीज 'एक्स' गुणसूत्रावर असते, काळा आणि पिवळा असे दोन्ही रंग एका अंगावर यायला तशी दोन गुणसूत्रे लागतात, ती मादीकडेच असतात, असे त्यांनी पिल्लाच्या कातडीखाली सलाईनची सुई टोचता टोचता सांगितले. "तीन-चार दिवसांची असेल. वजन ब्याण्णव ग्रॅम. कमी आहे. रोज सकाळी एकाच वेळी वजन करायचं. दहा ते पंधरा ग्रॅम रोज वाढायला हवं. वजन थांबलं किंवा उतरलं, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. डोळ्यांना ती बरी दिसली तरी यायचं."

मांजराच्या पिल्लांसाठी निघणारी दुधाची भुकटी, चिमुकली बाटली आणि बिनसुईची सिरिंज घेऊन मी घरी आले, तर माझ्या आधीच तिथे निम्मे काम झालेले. सासूबाईंनी माळ्यावरून बुटांचे खोके काढले होते, त्यात आपले जुने मऊ नऊवारी लुगडे चौपदरी अंथरले होते आणि गॅसवर पाणी ठेवले होते. मी चकित होऊन पाहत राहिले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हा सातव्या महिन्यात झाला होता." हा म्हणजे आमचे हे. सहा फूट उंचीचे हे गृहस्थ कधी काळी कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेला ठेवून आणि आईच्या छातीशी बांधून जगवलेले होते, ही माहिती लग्नाला पंधरा वर्षे होऊन गेल्यावर मला त्या दिवशी मिळाली. "दूध नंतर गं. आधी ऊब," असे सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंची शिकवणूक त्यांना चाळीसपन्नास वर्षांपूर्वीच कुणा सुईणीकडून मिळालेली होती. शनिवारी दुपारी त्या नातेवाइकांकडे गेल्या नसत्या तर काय झाले असते, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला टॉवेल गुंडाळून ती खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. दुसरी बाजू मोकळी. हे महत्त्वाचे. फार गरम झाले तर पिल्लाला दूर सरकता आले पाहिजे. नाहीतर उबेनेच भाजायचे. पाणी निवले की बाटली बदलायची, कारण निवलेली बाटली उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते.

रोजचे वजन करायला केक करण्याचा हौशी काटा उपयोगी आला. कन्येने त्यासाठी एक वही घातली. पहिल्या पानावर तिने दोन रकाने आखले. पिवळ्याच्या रकान्यात काहीच आकडा नव्हता. त्यात तिने आडवी रेघ मारली. दुसऱ्या रकान्यात ९२.

यांचे बँकेतले आयुष्य सोनेतारणाच्या खात्यात गेले आहे. रोज दहा ते पंधरा ग्रॅम हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सरासरी एक तोळा. तोळ्याचे अकरा पूर्णांक सहासष्ट ग्रॅम." आजच्या भावाने हा खर्च कुठल्याही घराला झेपणारा नाही, असाही शेरा त्यांनी मारला. पण कन्येने तेवढ्यात पिल्लाचे नाव तोळा ठेवून टाकले. नाजूक प्रकृतीला आपण तोळामासा म्हणतो. बारा माशांचा तोळा. या बाईंची प्रकृती मासा मासा अशीच होती. सोमवारी ९१. मंगळवारी ९४. बुधवारी १०५! त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि "आज एकादशी आहे ना," असे उगीचच सांगितले. नव्हती.

आता रात्रींविषयी. पहिले दोन आठवडे दर अडीच-तीन तासांनी पाजायचे, आणि त्यात रात्र वेगळी नाही. दिवसा सासूबाई, संध्याकाळी कन्या आणि रात्री मी, अशी पाळी लागली. जूनमध्ये माझ्याकडे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होतेच. अकरा, दोन आणि पाच असे गजर लावून मी दिवाणखान्यात बसू लागले. दोनच्या गजराला उठायचे, बाटलीतले पाणी बदलायचे, तोळा गरम आहे ना हे पाहायचे, भुकटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मोजून कालवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचा. मग मांडीवर टॉवेल घालून तिला पालथी ठेवायची, डोके किंचित वर, आणि बाटलीचे बोंडूक ओठांशी न्यायचे. सिरिंज असेल तर दाबायची नाही, थेंब तिच्या ओढीने यायला हवा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाचे पोट एका वेळी चार-पाच मिलिलिटरनेच भरते, म्हणजे चहाचा एक चमचा. पोट गोल व्हावे, टणक होऊ नये.

एवढे झाले म्हणजे संपले, असे मला पहिल्या दिवशी वाटले होते. अर्धे काम पुढेच असते. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आपणहून लघवी करता येत नाही, शीही करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. म्हणून दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन तिच्या शेपटीखाली हळूहळू, चाटल्यासारखा फिरवायचा. हे केले नाही तर दूध कितीही उत्तम असले तरी पिल्लू मरते.

एका रात्री हे काम करता करता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मांजर हा शब्द 'मार्जार'वरून आला आणि मार्जार 'मृज्' धातूवरून. मृज् म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. संध्येतले मार्जन तेच. ही व्युत्पत्ती मी मुलांना कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी 'स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते म्हणून' असे पुढे जोडले असेल. खोटे नाही ते. पण ज्या कुणी हे नाव ठेवले त्याने मांजर फक्त स्वतःला पुसताना पाहिली असेल असे मला आता वाटत नाही. पिल्लाला पुसून पुसून जगवणारी मांजर त्याच्या डोळ्यांसमोर असणारच. हे माझे मत आहे; व्युत्पत्तिकारांनी रागावू नये.

त्याच रात्री, तोळा मांडीवर झोपलेली असताना, मी पुढची उत्तरपत्रिका ओढली. मार्जारन्यायावरचे टिपण होते. 'मार्जारन्याय म्हणजे दोन मांजरांच्या लोण्याच्या भांडणात माकडाने केलेला न्याय होय.' मर्कटन्यायही त्यातच उरकला होता. रात्री दोन वाजता एकटीने हसणे फार कठीण असते. मांडी हलता कामा नये.

पण त्या मुलाला मी फार नावे ठेवू शकले नाही, कारण मीही तो न्याय चुकीचाच शिकवत आले होते. काहीच करीत नाही? तोळा मला दर रात्री काय काय करताना दिसली! डोळे नाहीत, कान नाहीत, पाय पोटाचे वजन पेलत नाहीत, तरी वासाने आणि उबेने दिशा ठरवून ती पोटावर पोहत खोके पार करी. डोके डावीउजवीकडे हलवून बोंडूक शोधी. दूध ओढताना पुढचे दोन पंजे कणीक तिंबल्यासारखे माझ्या मनगटावर चालत. आईच्या आचळातून दूध उतरावे म्हणून पिल्ले हे करतात, बाटलीला त्याची गरज नसते हे तिला कोण सांगणार. मानगूट धरली की ती अंग आवळून निपचित होई, आणि तेही स्वस्थ बसणे नव्हे, आईला नेणे सोपे जावे म्हणून केलेली तयारीच. आणि ती ओढीत नसे तेव्हा जगातला कुणी तिला पाजू शकत नसे. रविवारची सबंध दुपार आम्ही तिघी बायका तिच्याभोवती बसून होतो, आणि तिने पहिला घोट ओढला तो संध्याकाळी सहाला, अंग पुरते गरम झाल्यावर, तिला वाटले तेव्हा.

शुक्रवारी तिचा एक डोळा कोपऱ्यातून किलकिला झाला, रविवारपर्यंत दोन्ही उघडले. निळसर, धुकट. सगळ्याच पिल्लांचे ते तसे असतात, रंग पुढे बदलतो. कन्येला वाटले आता ती आपल्याला ओळखणार. तोळाने तिच्याकडे पाहून फिस्कारा केला.

दुसऱ्या सोमवारी वजन १४९ होते, आणि मंगळवारी १४३. अंग गरम, डोळे उघडे, पण खोक्यात पिवळे पाणी. त्या आकड्याकडे पाहून माझे हातपाय गार पडले. काय बदलले होते? दूध तेच, प्रमाण तेच. सगळ्यांची झडती घेतल्यावर उलगडा झाला. शाळा सुरू झाल्यापासून कन्या साडेचारला घरी येई आणि आल्या आल्या तोळाला पाजी. आणि सासूबाई चारला पाजत, पण ते वहीत लिहीत नसत, कारण त्यांच्या मते जेवण हे लिहून ठेवायची गोष्ट नव्हे. दोघींनी प्रेमापोटी तिला चार दिवस दुप्पट घातले होते. शेजारच्या काकूंनी मुलांचे तापाचे औषध दोन थेंब द्यायला सुचवले. ते त्यांचे ऐकून आम्ही दिले नाही हे नशीब: पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अगदी थोडेसेही. तसेच फिनेल. फरशी पुसायचे आमचे नेहमीचे फिनेल डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी बंद करायला लावले. तोळाला पुन्हा सलाईन टोचले गेले, दूध दोन दिवस कमी केले, आणि वही खोक्याला सुतळीने बांधण्यात आली.

त्या मंगळवारी रात्री कन्या झोपायला जाईना. अकराचे पाजणे झाले तरी ती वही घेऊन माझ्याशेजारी बसून राहिली. पहिले पान उघडून तिने रेघ मारलेल्या रकान्यावर बोट ठेवले.

"आई, हे पण गरम ठेवलं असतं तर?"

मी म्हटले असते, ते मुळातच अशक्त होते. ते वाक्य तयारच होते. एकदा वापरलेले, गुळगुळीत झालेले. पण समोर आठ दिवसांचे आकडे होते, आणि ते मुळात अशक्त असलेल्या पिल्लाचे होते. ब्याण्णव, एक्याण्णव. पिवळे त्याच्याहून थोराड होते. जोरात ओरडत होते म्हणून तर मी त्याला आधी घेतले.

मी तिला सांगितले. गार असताना पाजले, गाईचे पाजले, उताणे धरून पाजले. सगळे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी टाळ्या वाजवल्या होत्या." आणि रडली. मला तिची समजूत घालता आली नाही, कारण मीही काही वेगळे करीत नव्हते. दोनच्या गजराला आम्ही दोघीही जाग्याच होतो. त्या रात्री तिने पाजले, मी कापूस धरला. सकाळी वहीच्या पहिल्या पानावर, रेघेच्या खाली, तिच्या अक्षरात एक ओळ होती: 'आधी गरम करणे.'

पुढचे फारसे सांगण्यासारखे नाही, म्हणजे सुखाचे आहे. गुरुवारी १५२. तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा दोनचा गजर बंद झाला. चौथ्यात दात टोचू लागले, तेव्हा बशीत दूध आणि पिल्लांचे मऊ खाणे कालवून ठेवले. ती आधी त्यात चालली, मग बसली, आणि शेवटी अंग चाटताना तिला कळले की हे खायचे असते. पसरट ताटलीत वाळू घातली तर ती शिकवावी लागली नाही. महिन्याची झाली तेव्हा सव्वातीनशे ग्रॅम भरली. जंताचे औषध, आठव्या आठवड्यानंतर लशी, आणि डिसेंबरमध्ये, सहा महिन्यांची झाल्यावर, शस्त्रक्रिया करून घेतली. भाटीला जेमतेम दोन महिन्यांत पिल्ले होतात आणि वर्षातून अनेकदा होतात. मीटरची खोली एकच आहे.

एक खोड मात्र राहिली. भावंडांत वाढणारे पिल्लू चावले की दुसरे उलटून चावते, आणि किती जोराने चावावे हे त्यातून कळते. तोळाला ते शिकवणारे कुणी नव्हते, आणि आम्ही हौसेने बोटेच खेळायला दिली. यांच्या हातावर ओरखडे असत. बँकेत लोक विचारत. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की हाताने खेळू नका, दोरी-चेंडू द्या, पण तो सल्ला आम्ही दोन महिने उशिरा ऐकला. सासूबाईंना मात्र ती कधी चावली नाही. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली बसते. चुलीपाशी.

२०२५ च्या जुलैत, एका मुसळधार पावसाच्या रात्री रखवालदाराने दार वाजवले. त्याच्या हातात बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका होता, आत चार पिल्ले, पुराच्या पाण्यातून कुणीतरी आणून फाटकाशी ठेवलेली, चिंब भिजलेली. "बाई, दूध आहे का?" तो म्हणाला.

माझ्या मागून कन्या पुढे आली. तिने खोक्यात हात घालून चौघांच्या पोटांना एकेक करून बोट लावले.

"गार आहेत," ती म्हणाली. "आजी, पाणी ठेव."

आतून भांड्याचा आवाज आला. ते आधीच ठेवलेले होते.